चिनी मातीचे कुंचल्यांचे भांडे: कसे ओळखावे, कसे निवडावे, कसे वापरावे

‘चिनी माती’ म्हटले की मराठी घरात लोणच्याची बरणी आठवते, खांद्यापर्यंत तपकिरी आणि खाली पिवळट पांढरी. ती बरणी कितीही उपयोगी असली तरी ते पोर्सेलीन नव्हे. तिची माती वेगळी असते, भिंत जाड असते आणि टिचकी मारली तर बोदा आवाज येतो. ज्या पांढऱ्या मातीमुळे चीनचे नाव आपल्या भाषेत भांड्यांना कायमचे चिकटले, ती ज्यांगशी प्रांतातल्या जिंगदेझेनच्या परिसरातली आहे, आणि ‘केओलिन’ हा शब्दसुद्धा तिथल्याच गाओलिंग या ठिकाणावरून आला आहे. ही माती आणि विशिष्ट दगड कुटून केलेली भुकटी एकत्र मळून साधारण १३०० अंश सेल्सिअसला भाजली की पांढरेशुभ्र, पाणी न शोषणारे आणि टिचकीला घंटेसारखे वाजणारे भांडे तयार होते. या लेखात अशा एकाच भांड्याचा विचार केला आहे: कुंचले उभे ठेवण्याचे नळकांडे, ज्याला चिनी भाषेत ‘बीतोंग’ म्हणतात. ‘बी’ म्हणजे कुंचला आणि ‘तोंग’ म्हणजे नळकांडे, इतका त्या नावाचा अर्थ साधा आहे.

नवखा माणूस बहुधा तळावरच्या शिक्क्यापासून किंवा किमतीपासून सुरुवात करतो आणि तिथेच फसतो. माझ्या मते सुरुवात टेबलापासून करावी, कारण हे भांडे कामाचे आहे आणि त्याच्याकडून काय काम घेतले जात होते हे कळल्यावर त्याचा आकार, वजन, चित्रे आणि तळ या साऱ्यांचा अर्थ आपोआप लागत जातो.

पायरी पहिली: भांड्याभोवतीचे टेबल समजून घ्यावे

पेशवाईतला कारकून मोडी लिहिताना बोरू वापरत असे आणि काम झाल्यावर तो कलमदानात आडवा ठेवला तरी बोरूचे काही बिघडत नसे. कुंचल्याचे तसे नाही. त्याचे टोक केसांचे असते, ते कशालाही टेकले की वाकते आणि एकदा वाकलेले टोक सरळ होणे अवघड असते. लिहिता लिहिता क्षणभर थांबायचे असेल तर कुंचला डोंगराच्या आकाराच्या छोट्या टेकणावर ठेवत. मात्र काम संपल्यानंतर कोरडे कुंचले टोक वर करून एकत्र ठेवण्यासाठी उंच भांडे हवे होते, आणि ते मिंग राजवटीच्या उत्तरार्धात, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत, सर्वत्र रूढ झाले.

ज्यांच्या टेबलावर ते असे ते लोक म्हणजे राज्यसेवेच्या परीक्षांसाठी वर्षानुवर्षे अभ्यास करणारे, उत्तीर्ण होऊन अधिकारी झालेले किंवा अनुत्तीर्ण होऊन गावी राहिलेले विद्वान. १९०५ साली ही परीक्षापद्धती बंद होईपर्यंत चीनमधल्या सुशिक्षित पुरुषाचे आयुष्य तिच्याभोवती फिरत असे. या वर्गाची अभ्यासिका ही घरातली वेगळी खोली असे, शक्यतो बागेकडे तोंड असलेली, आणि मालक तिला आवडीचे नावही देत असे. अठराव्या शतकातल्या छ्येनलोंग बादशहाने पेकिंगच्या राजवाड्यात जी अभ्यासिका थाटली, तिचे नाव त्याने तीन दुर्मीळ हस्ताक्षरांवरून ‘तीन दुर्मीळ वस्तूंचे दालन’ असे ठेवले होते, आणि एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या धन्याची ती खोली आपल्या चाळीतल्या एका खोलीपेक्षाही लहान आहे.

टेबलावर नेमके काय असावे, याचे उत्तर सूझौच्या वेन झेनहेंग या गृहस्थाने देऊन ठेवले आहे. तो १५८५ ते १६४५ या काळात होऊन गेला, प्रसिद्ध चित्रकार वेन झेंगमिंगचा तो पणतू होता, आणि अभिरुचीच्या बाबतीत त्याची मते आपल्याकडच्या एखाद्या करारी आजोबांसारखी ठाम होती. त्याच्या सांगण्याप्रमाणे टेबल खिडकीला अगदी खेटून ठेवू नये, कारण वारा आणि ऊन थेट अंगावर येतात. टेबलावर एक जुनी शाई उगाळण्याची शिळा, कुंचल्यांचे एक भांडे, कुंचला टिपण्याची एक बशी, पाण्याचे एक लहान भांडे आणि डोंगराच्या आकाराचा एक छोटा दगड असावा. शिळा डाव्या हाताला ठेवावी, म्हणजे ओल्या शाईची चमक डोळ्यांवर येत नाही आणि दिव्याच्या उजेडात लिहितानाही सोयीचे पडते. एक पट्टी, एक कागदावरचे वजन, आणि ती दोन्ही रोज पुसून लखलखीत ठेवावीत. या यादीतले ‘एक’ हे विशेषण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते; आजच्या छायाचित्रांत अभ्यासिका म्हणून जे वस्तूंनी खचाखच भरलेले टेबल दाखवतात, ते त्याला मुळीच रुचले नसते.

कुंचला, शाई, कागद आणि शिळा यांना अभ्यासिकेची चार रत्ने म्हणतात, आणि प्रत्येकाचे नावाजलेले गाव आहे: कुंचले हूझौचे, शाई ह्वेईझौची, शुआन कागद आनह्वेई प्रांतातल्या जिंग तालुक्याचा, आणि शिळा दक्षिणेकडच्या त्वान भागातली. याखेरीज बांबूची अर्धी चीर पालथी घातल्यासारखे एक मनगट टेकण असते. चिनी लेखन वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जात असल्यामुळे बाही नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून फिरण्याची भीती असते, म्हणून हात त्या टेकणावर उचलून धरतात.

पायरी दुसरी: आकार आणि माप पाहावे

बीतोंग म्हणजे सरळ भिंतींचे किंवा कमरेत किंचित आत गेलेले नळकांडे. त्याची उंची बहुतेक वेळा १२ ते २० सेंटिमीटरच्या दरम्यान असते. हाताने लिहिण्याचा नेहमीचा कुंचला सुमारे २५ सेंटिमीटर लांब असल्यामुळे त्याचा वरचा भाग भांड्याबाहेर राहतो, टोके एकमेकांना घासत नाहीत आणि हवा खेळती राहते. अशी डझनभर दांडकी एका बाजूला कलली तरी भांडे उलटू नये, म्हणून तळ मुद्दाम जाड आणि जड ठेवलेला असतो. हातात घेतल्यावर भांडे वरून हलके आणि खालून जड लागले पाहिजे. कांगशी बादशहाच्या काळातली (१६६१ ते १७२२) अनेक भांडी उंचीपेक्षा रुंद आहेत आणि नवख्याला ती झाडाची कुंडीच वाटतात. तळाला पाणी जाण्याचे भोक नाही, ही त्यातली पहिली खूण. फारच मोठ्या भांड्याला ‘कुंचल्यांचा समुद्र’ अशा अर्थाचे ‘बीहाई’ हे नाव आहे.

सगळी बीतोंग चिनी मातीची नसतात, हेही इथे सांगायला हवे. बांबूवर कोरीव काम करणारे शांघायजवळच्या ज्यादिंगचे झू घराणे आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या गाजले, आणि रोझवूडच्या जातीच्या लाकडाची भांडीही पुष्कळ आहेत. वेन झेनहेंगची पसंती तर ठिपकेदार बांबूला होती आणि अष्टकोनी किंवा फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडांची भांडी टाळावीत असे तो बजावतो. पोर्सेलीनचा गुण निराळा आहे: त्याला ओलावा लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि त्याच्या गोल पृष्ठभागावर चित्र गुंडाळून काढता येते, म्हणजे भांडे हातात फिरवले की कथा पुढे सरकते.

पायरी तिसरी: भांडे उलटे करून तळ वाचावा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आधी आतले कुंचले काढून ठेवावेत, टेबलावर घडी घातलेला टॉवेल अंथरावा, एक हात तळाखाली आणि दुसरा भिंतीला अशा रीतीने भांडे धरावे आणि मगच ते पालथे करावे. काठाला धरून कधीही उचलू नये, कारण जुनी चीर असेल तर ती तिथूनच उकलते. हातात अंगठी असेल तर ती काढून ठेवावी.

तळात काय पाहायचे ते समजण्यासाठी थोडा इतिहास लागतो. १६२० साली वानली बादशहा वारला आणि त्यानंतर जिंगदेझेनच्या भट्ट्यांना दरबाराकडून मिळणारी कामे आटली. कुशल कारागीर मोकळे झाले आणि यांगत्सी नदीच्या दक्षिणेकडचे श्रीमंत व्यापारी व विद्वान हे त्यांचे नवे गिऱ्हाईक झाले. दरबारी ड्रॅगनांच्या ठरीव नक्षीऐवजी छापील पुस्तकांतल्या चित्रांवरून घेतलेले कथाप्रसंग, नाटकांतली दृश्ये आणि निसर्गचित्रे भांड्यांवर येऊ लागली. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, १६७३ ते १६८१ या काळातल्या दक्षिणेतल्या बंडात जिंगदेझेनची मोठी हानी झाली, आणि १६८३ मध्ये कांगशी बादशहाच्या दरबाराने झांग यिंगश्वान या अधिकाऱ्याला तिथे पाठवल्यावर सरकारी भट्ट्यांचा कारभार पुन्हा रुळावर आला. १६२० ते १६८३ या मधल्या काळाला अभ्यासक संक्रमणकाळ म्हणतात, आणि बीतोंगचा हा खरा बहराचा काळ आहे.

संक्रमणकाळातल्या भांड्याचा तळ साधारणपणे सपाट आणि बिनझिलईचा, म्हणजे वर काचेसारखा चकचकीत थर नसलेला, असतो. त्यावर चाकाची किंवा सुरीची बारीक वर्तुळे दिसतात आणि भट्टीत उघड्या राहिलेल्या मातीवर कुठेकुठे फिकट नारिंगी छटा चढलेली असते. काठाखाली आणि तळाच्या वर एकेक अरुंद पट्टा झिलईखाली कोरलेला असतो, जो समोरून पाहिला तर दिसतच नाही आणि भांडे उजेडाकडे तिरपे धरले की एकदम उमटतो. या नक्षीला ‘आनहुआ’, म्हणजे लपलेली नक्षी, म्हणतात. जमिनीवरचे गवत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या झपाझप मारलेल्या फटकाऱ्यांनी दाखवलेले असते आणि प्रसंगाला ढगांच्या जाड वळणांनी चौकट घातलेली असते. कांगशीच्या काळात तळ बदलतो: मध्ये झिलई लावलेला खोलगट गोल, त्याभोवती बिनझिलईचे रुंद कडे. प्राचीन जेडच्या चकतीला मध्ये भोक असते, तिच्या आकारावरून या तळाला नाव मिळाले आहे.

बिनझिलईच्या कड्यावरून बोट फिरवावे. जुन्या, चांगल्या मातीचा स्पर्श गुळगुळीत, पिठासारखा असतो. खरखरीत, दाणेदार लागला किंवा तपकिरी रंग फासून कृत्रिम मळ चढवलेला दिसला, तर शंका घ्यावी. खरी झीज टेबलाला टेकणाऱ्या भागावर असते, खोलगटात नसते. मी स्वतः एकदा एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून ‘तीनशे वर्षांचे’ म्हणून असे भांडे मोठ्या उत्साहाने घेतले होते. घरी आणून भिंगाखाली पाहिले तेव्हा निळ्या रंगात छापील चित्रासारखे एकसारखे ठिपके दिसले, कारण ते चित्र हाताने काढलेले नव्हतेच, कागदावरून उमटवलेले होते. त्या दिवसापासून दहापट मोठे दाखवणारे भिंग माझ्या पिशवीत असते. आज त्या भांड्यात माझे पेन आणि कात्र्या असतात, आणि ते काम ते चोख करते.

पायरी चौथी: चित्र आणि रंग वाचावेत

निळी-पांढरी भांडी कशी रंगवतात हे माहीत असले की पाहणे सोपे होते. कच्च्या, वाळलेल्या भांड्यावर कोबाल्टच्या रंगाने चित्र काढतात, वरून पारदर्शक झिलई चढवतात आणि मग ते एकदाच भाजतात. भाजण्यापूर्वी हा रंग काळपट दिसतो आणि कोरडी माती तो टिपकागदासारखा शोषते, त्यामुळे चुकलेली रेघ पुसता येत नाही. कांगशीच्या काळातल्या चांगल्या कामात एकाच निळ्याच्या फिकट ते गडद अशा अनेक छटा थरांनी लावलेल्या असतात, जणू शाईत कमीजास्त पाणी घालून काढलेले निसर्गचित्रच. एकोणिसाव्या शतकात त्या शैलीच्या बऱ्याच नकला झाल्या आणि त्यांतला निळा अनेकदा सपाट, एकसुरी वाटतो. लाल, हिरवे, गुलाबी रंग मात्र झिलईवर लावून दुसऱ्यांदा कमी आचेवर भाजलेले असतात. डोळे मिटून बोट फिरवले तर ते किंचित उंच लागतात.

विषयांची ओळख हळूहळू होते. चीड, बांबू आणि प्लमचे फूल एकत्र दिसले तर ते हिवाळ्याचे तीन मित्र. उसळून वर झेपावणारा मासा आणि वेस दिसली तर परीक्षेत उत्तीर्ण होण्याची शुभेच्छा, कारण ती वेस ओलांडणारा मासा ड्रॅगन होतो अशी कथा आहे. शेवंतीच्या ताटव्यापाशी बसलेला माणूस बहुधा ताओ युआनमिंग हा कवी, हंसांकडे टक लावून पाहणारा वांग शीझी हा सुलेखनकार, आणि एका वेड्यावाकड्या खडकापुढे हात जोडून वाकलेला अधिकारी म्हणजे सोंग काळातला चित्रकार मी फू, जो म्हणे खडकाला ‘थोरले बंधू’ म्हणत असे. उंच कड्याखाली होडी आणि तीत तीन-चार माणसे असतील तर तो सू शी या कवीच्या १०८२ सालच्या लाल कड्याच्या सहलीचा प्रसंग. कांगशीच्या काळातल्या काही भांड्यांवर एका बाजूला हे चित्र आणि दुसऱ्या बाजूला त्या सहलीवरची सू शीची संपूर्ण रचना बारीक अक्षरांत लिहिलेली सापडते. परीक्षेत अडकलेल्या माणसाच्या टेबलावर नोकरीतून हद्दपार झालेल्या कवीची नौकाविहाराची सहल असावी, यातली गंमत त्या काळच्या वाचकाला नक्की कळत असणार.

पायरी पाचवी: शिक्क्यावर शेवटी विश्वास ठेवावा

तळावर सहा अक्षरे दोन रांगांत असतील तर ती उजवीकडून, वरून खाली वाचतात: राजवट, बादशहाच्या कारकिर्दीचे नाव आणि ‘या काळात घडवले’. हे वाचता आले की आनंद होतो, पण त्या आनंदावर पैसे लावू नयेत. कांगशीच्या काळातले कुंभार दोनशे वर्षांपूर्वीच्या छेंगहुआ बादशहाचे नाव आदराने भांड्यांवर घालत, आणि पुढच्या काळातल्या कारागिरांनी कांगशीचे नाव तसेच वापरले. १६७७ मध्ये तर जिंगदेझेनच्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचे नाव लिहिण्यास मनाई केली होती, त्यामुळे कित्येक अस्सल भांड्यांवर शिक्काच नाही. चित्राशेजारी तारीख असली तरी ती साठ वर्षांच्या चक्रातली असते, म्हणजे तेच नाव दर साठ वर्षांनी परत येते. आधी माती, तळ, रंग आणि रेषा एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. शिक्का शेवटी, साक्षीदार म्हणून.

पायरी सहावी: पाहावे पुष्कळ, घ्यावे थोडे

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून आलेल्या चिनी वस्तू आहेत, आणि मराठी वाचकाला डोळा तयार करायला तेवढे पुरे आहे. परदेशात असाल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले ‘ॲस्टर कोर्ट’ जरूर पाहावे; सूझौच्या ‘जाळेकऱ्यांच्या गुरूची बाग’ या उद्यानातल्या अंगणावरून ते उभारले आणि १९८१ मध्ये खुले झाले. काचेतल्या भांड्यांचा तळ दिसत नाही, ही अडचण खरी आहे, म्हणून मोठ्या लिलावगृहांच्या सूचींमधली तळाची छायाचित्रे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

पहिले भांडे नवेच घ्यावे, असा माझा आग्रह आहे. जिंगदेझेनमध्ये आजही हाताने रंगवलेली बीतोंग बनतात आणि ‘नवे’ म्हणूनच विकली जातात. ती प्रामाणिक वस्तू असते. जुने घ्यायचेच असेल तर टिचकीचा आवाज ऐकावा: केसासारखी चीर असली तरी नाद मधेच मरतो. अंधारात अतिनील दिव्याखाली पाहिल्यास डागडुजी केलेला भाग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. कायद्याचेही भान हवे. चीनमधून १९११ पूर्वीच्या वस्तू बाहेर नेण्यास बंदी आहे, आणि भारतात १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांचे भांडे अमेरिकेतल्या मुलाकडे धाडण्यापूर्वी हे तपासावे.

पायरी सातवी: भांडे वापरात आणावे

दोन कुंचल्यांनी सुरुवात पुरे. शेळीच्या केसांचा कुंचला मऊ असतो आणि पुष्कळ शाई धरतो. ‘लांगहाओ’ म्हणजे शब्दशः लांडग्याचे केस, पण प्रत्यक्षात ते वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीचे असतात आणि ताठ, लवचीक असल्यामुळे शिकणाऱ्याला सोपे जातात. नव्या कुंचल्याचे टोक खळीने कडक केलेले असते. ते कोमट पाण्यात हलकेच भिजवून मोकळे करावे. शिळेवर पाण्याचे काही थेंब घेऊन शाईची वडी गोल गोल, न दाबता, चंदन उगाळावे तशी उगाळावी.

लिहून झाल्यावर कुंचला साध्या पाण्यात धुऊन, बोटांनी निथळून टोकाला आकार द्यावा आणि तो टोक खाली करून टांगावा किंवा आडवा सुकवावा. ओला कुंचला सरळ बीतोंगमध्ये ठेवणे ही नवख्याची नेहमीची चूक आहे, आणि मीही ती केली आहे: टोक वर असल्यामुळे पाणी खाली दांड्याच्या तोंडात झिरपते, केस चिकटवणारा डिंक सुटतो आणि काही महिन्यांत अख्खा झुपका हातात येतो. पूर्ण सुकल्यावरच कुंचला भांड्यात जावा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात सुकायला दोन दिवसही लागतात, आणि न वापरलेल्या केसांना कसर लागते, म्हणून आषाढ-श्रावणात आठवड्यातून एकदा सगळे कुंचले बाहेर काढून झटकावेत.

भांड्याची निगा सोपी आहे. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरतो; भांडी धुण्याचे यंत्र, ब्लीच आणि तारेची घासणी वर्ज्य. झिलईवरचे रंग किंवा सोनेरी काम असेल तर ते घासूच नये, नुसती धूळ काढावी. तळाशी शाईचा जुना डाग बसला असेल तर तो तसाच राहू द्यावा. धूळ झटकायला शेळीच्या केसांचा, टोक बोथट झाल्यामुळे लिहिण्यातून निवृत्त केलेला कुंचला सर्वांत उत्तम, आणि त्याची जागाही त्याच भांड्यात, बाकीच्यांच्या मागे.